दाबून भरलेली डिस्क आणि जुन्या दप्तराची दुरुस्ती



वारस नोंदीची आणि जुन्या ठेवींची प्रकरणे घेऊन येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. वडिलांच्या ऊस बिलातून १९९४-९५ च्या हंगामात ठेवीची कपात झाली होती, पावती घरात सापडत नाही, वडील आता राहिले नाहीत. मग साहजिकच विचारणा होते, “कॉम्प्युटरमधी हाय म्हणता, तर मग सापडंना का?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्या काळातले दोन संगणक आपल्या जुन्या भांडारात पडून आहेत. भंगाराबरोबर तेही निर्लेखित करून लिलावात काढण्याचा विषय निघाला आहे. त्यांच्या डिस्कवर ऊस नोंद, वजनाच्या पावत्या आणि बिल-कपातीचा तपशील आहे. परंतु त्या डिस्क “दाबून भरलेल्या” आहेत आणि सुरू केल्या की चुकीचे संदेश दाखवतात.

अशा डिस्कची दुरुस्ती होते. मात्र घाईने केलेली दुरुस्ती हीच पुष्कळदा दप्तराचा शेवटचा नाश ठरते. म्हणून हा विषय हिशेब खात्यापुरता न ठेवता सर्व सभासदांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले. दप्तर तुमचे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क सभासदाला दिलेला आहे. पण नोंदच उरली नाही तर हक्क असून काय उपयोग?

दाबणे म्हणजे काय?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कचेऱ्यांतील संगणकांत ४०, ८० किंवा १२० मेगाबाइटच्या हार्ड डिस्क असत. आजच्या साध्या मोबाइलमधील मोजक्या फोटोंची जागा म्हणजे तेव्हाची अख्खी डिस्क. दोन हंगामांची नोंद झाली की डिस्क भरून जाई. नवीन डिस्क महाग, म्हणून असलेल्या डिस्कवरच मजकूर दाबून बसवण्याची युक्ती निघाली.

युक्ती तशी आपल्या ओळखीची आहे. जुन्या रजिस्टरात कारकून पहिल्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा, उसाची जात, गट क्रमांक सगळे लिहितो आणि खालच्या ओळींत “वरीलप्रमाणे”, “वरीलप्रमाणे” असे टाकत जातो. जागा वाचते, हातही वाचतो. संगणक नेमके हेच करतो. अक्षरांचा जो गट मागे एकदा येऊन गेला, तो पुन्हा न लिहिता “इतकी अक्षरे मागे जा, तिथून इतकी घे” एवढीच खूण करतो. ऊस नोंदीच्या यादीत तीच तीच गावे आणि त्याच त्याच जाती असल्यामुळे ती चांगली दाबली जाते. ८० मेगाबाइटच्या डिस्कवर १६० मेगाबाइट मावल्यासारखे दिसे.

आता यातली मेख बघा. रजिस्टराची वरची ओळ वाळवीने खाल्ली, तर खालच्या सगळ्या “वरीलप्रमाणे” ओळींना अर्थ राहत नाही. त्या शाबूत असतात, शाईही पुसलेली नसते, पण वर काय होते ते सांगणारेच गेलेले असते. दाबलेल्या डिस्कचे दुखणे हेच आहे.

ही सोय आली कोठून?

अमेरिकेतील स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने “स्टॅकर” नावाचा डिस्क दाबण्याचा प्रोग्रॅम १९९० च्या सुमारास बाजारात आणला. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने डॉसच्या ६.० आवृत्तीत “डबलस्पेस” नावाने तशीच सोय आयती दिली. लगेच तक्रारी येऊ लागल्या की फाइली बिघडतात, डिस्क उघडत नाही. त्याच वर्षी ६.२ आवृत्ती निघाली. तिच्यात “स्कॅनडिस्क” हा तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्रॅम आला आणि “डबलगार्ड” नावाचा पहारेकरीही आला. डबलस्पेसच्या वापरातील मेमरीत दुसऱ्याच प्रोग्रॅमने ढवळाढवळ केलेली दिसली, तर हा पहारेकरी डिस्कवर काही लिहिण्याआधी संगणकच थांबवतो.

पुढे पेटंटवरून स्टॅकने दावा लावला. फेब्रुवारी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्युरीने मायक्रोसॉफ्टने स्टॅकला १२ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. उलट दाव्यात मायक्रोसॉफ्टलाही काही रक्कम मिळाली आणि त्याच वर्षी दोघांत तडजोड झाली. त्या दरम्यान ६.२१ आवृत्तीतून दाबण्याची सोय काढून टाकण्यात आली आणि ६.२२ मध्ये ती “ड्राइव्हस्पेस” या नावाने नव्या रीतीने परत आली.

हा इतिहास आम्ही उगाच सांगत नाही. डिस्कवर कोणत्या नावाची गुप्त फाइल आहे, त्यावरून दुरुस्तीचे हत्यार ठरते. “डीबीएलस्पेस.०००” असेल तर डबलस्पेस, “डीआरव्हीस्पेस.०००” असेल तर ड्राइव्हस्पेस, “स्टॅकव्हॉल.डीएसके” असेल तर स्टॅकर. स्टॅकरच्या दाबलेल्या भागाला स्टॅकरचेच हत्यार लागते. मायक्रोसॉफ्टचा स्कॅनडिस्क त्याची आतली रचना ओळखत नाही.

पेटाऱ्यातले दप्तर

दाबलेली डिस्क ही खरे तर डिस्कच नव्हे. ती मूळ डिस्कवरची एकच भलीमोठी फाइल आहे. खोलीत एक पेटारा ठेवावा आणि सगळे दप्तर त्या पेटाऱ्यात कोंबावे, तसा प्रकार. खोली म्हणजे मूळ डिस्क, हिला यजमान डिस्क म्हणू. पेटारा म्हणजे ती गुप्त फाइल. संगणक सुरू होताना डबलस्पेसचा छोटा प्रोग्रॅम आधी मेमरीत जातो, पेटाऱ्याला “सी” हे नाव देतो आणि खऱ्या खोलीला “एच” किंवा दुसरे एखादे अक्षर देतो. आपण “सी”वर काम करतो तेव्हा प्रत्यक्षात पेटाऱ्यात हात घालत असतो.

पेटाऱ्यात मजकूर ८,१९२ अक्षरांच्या गठ्ठ्यांनी ठेवलेला असतो. प्रत्येक गठ्ठा दाबला की तो कमी-अधिक जागेत बसतो. डिस्कवरची जागा ५१२ अक्षरांच्या कप्प्यांत मोजतात, त्या कप्प्याला सेक्टर म्हणतात. एखादा गठ्ठा चार सेक्टरांत बसेल, एखादा दहांत, जो दाबलाच जात नाही तो पूर्ण सोळांत. कोणता गठ्ठा कोठे सुरू होतो आणि किती सेक्टर पुरतो, याचा एक नकाशा पेटाऱ्यातच असतो.

आता हिशेब करू. समजा एका सभासदाच्या नोंदीची ओळ १२८ अक्षरांची आहे. न दाबलेल्या डिस्कवरचा एक सेक्टर खराब झाला तर ५१२ अक्षरे गेली, म्हणजे चार सभासदांच्या ओळी. दाबलेल्या डिस्कवर तोच एक सेक्टर खराब झाला तर डॉसला तो गठ्ठा उलगडता येत नाही आणि ८,१९२ अक्षरे, म्हणजे चौसष्ट सभासदांच्या ओळी हातच्या जातात. जखम नकाशावर झाली तर विचारूच नका. नकाशात एका गठ्ठ्याला चार अक्षरांची जागा असते, म्हणून नकाशाच्या एका सेक्टरमध्ये १२८ गठ्ठ्यांचे पत्ते मावतात. तो एक सेक्टर गेला तर दहा लाखांहून अधिक अक्षरे कोठे आहेत तेच कळत नाही. ओळींत सांगायचे तर ८,१९२ ओळी. एखाद्या कारखान्याची अख्खी सभासद यादी त्यात बसेल. मजकूर जागेवर असतो, पण पत्ता हरवलेला असतो.

बिघाड कसा होतो आणि कसा दिसतो

नेहमीचे कारण म्हणजे वीज. लिहिता लिहिता लाइट गेली की अर्धी नोंद डिस्कवर आणि अर्धी मेमरीत राहते. त्यातच डॉस ६.० मधील “स्मार्टड्राइव्ह” हा प्रोग्रॅम काम जलद व्हावे म्हणून मजकूर लगेच डिस्कवर न लिहिता थोडा वेळ राखून ठेवी. पडद्यावर काम संपल्याची खूण आली म्हणून कारकुनाने बटण बंद केले, तर राखून ठेवलेला मजकूर गेलाच. ६.२ मध्ये ही रीत सुधारली. सगळे लिहून झाल्याशिवाय ती खूण येईनाशी झाली.

बिघाडाचे दोन प्रकार सभासदांना रजिस्टराच्या भाषेत सहज समजतील. डॉस प्रत्येक फाइलची पाने “पुढे पान ४७ पहा” अशा साखळीने जोडतो. लिहिलेली पाने आहेत, पण अनुक्रमणिकेत त्यांचे नावच नाही, तर ती बेवारस पाने. दोन वेगवेगळी खाती “पुढे पान ४७” असे एकाच पानाकडे बोट दाखवतात, तर ती एकमेकांत गुंतलेली खाती. ते पान दोघांपैकी एकाचेच असते आणि ते कोणाचे हे यंत्राला कळत नाही, वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

तिसरा प्रकार दाबलेल्या डिस्कचा खास आहे. वरची साखळी ठीक असते, पण आतला नकाशा तिच्याशी जुळत नाही. साखळी म्हणते या गठ्ठ्यात मजकूर आहे, नकाशा म्हणतो तिथे काही नाही. किंवा दोन गठ्ठ्यांना एकच जागा दिलेली असते.

रिकामी दिसते ती रिकामी नसते

येथे एक धोक्याची सूचना ठळकपणे द्यायला हवी. जुना संगणक सुरू होत नाही म्हणून कोणी साध्या फ्लॉपीवरून डॉस चालू करतो आणि “सी”वर काय आहे ते पाहतो. त्या फ्लॉपीवर डबलस्पेसचा प्रोग्रॅम नसेल, तर पेटारा उघडतच नाही. “सी” म्हणून जी दिसते ती नुसती खोली, आणि पेटारा गुप्त असल्याने तोही दिसत नाही. पडद्यावर चार-दोन फाइली आणि थोडीशी मोकळी जागा एवढेच. बघणारा म्हणतो, “यात काय बी नाय, फॉरमॅट मारा.” आणि हंगामच्या हंगाम पुसले जातात.

दुसरी तऱ्हा अशी की जाणकार माणूस गुप्त फाइली बघतो, त्यात “डीबीएलस्पेस.०००” नावाची भली दांडगी फाइल दिसते, आणि जागा मोकळी करायची म्हणून तो तीच पुसून टाकतो. ती फाइल म्हणजेच सगळे दप्तर. तिला कोणीही हात लावू नये.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम प्रत काढण्याचे. डिस्क जुन्या संगणकावर सुरू करून बघण्याचा मोह आवरावा. दुरुस्तीचा प्रत्येक प्रोग्रॅम डिस्कवर लिहितो आणि एकदा लिहिले की खालचे गेले. डिस्क काढून आजच्या संगणकाला जोडणीने लावावी, तिच्यावर काही लिहिले जाणार नाही असा बंदोबस्त करावा आणि पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल घ्यावी. फाइली निवडून कॉपी करण्याचा येथे उपयोग नाही, सेक्टरवार नक्कलच हवी. डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमची रीत चांगली आहे. सहज वाचता येणारे भाग तो आधी उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर परत येतो. मरायला टेकलेल्या डिस्ककडून जेवढे मिळेल तेवढे आधी पदरात पाडून घ्यावे लागते. नक्कल झाली की मूळ डिस्कवर चिठ्ठी लावून, मोहोर करून ती कपाटात ठेवावी. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर, आणि नकलेच्याही नकलेवर.

दुसरे काम योग्य आवृत्ती जमवण्याचे. आजच्या संगणकातच जुन्या संगणकाचे सोंग उभे करणारे प्रोग्रॅम मिळतात. त्यात तीच डॉस आवृत्ती चालवावी, जिने डिस्क दाबली होती. ६.० आवृत्तीत स्कॅनडिस्क नव्हता. तिथे “सीएचकेडीएसके” म्हणजे चेकडिस्क आणि डबलस्पेसची स्वतःची तपासणी अशी दोन हत्यारे असत. ६.२ पासून दोन्ही कामे स्कॅनडिस्क करतो. डिस्क विंडोज ९५ वर वापरलेली असेल तर मात्र ६.२२ चा स्कॅनडिस्क तिच्यावर चालवू नये. १९९५ पासून फाइलींना लांब नावे देता येऊ लागली, ती या जुन्या हत्याराला कळत नाहीत आणि तुटण्याचा धोका असतो. तसेच विंडोज २००० किंवा एक्सपी असलेल्या संगणकाला असली डिस्क थेट लावली तर आतले काही दिसणार नाही. त्यांना हा पेटारा उघडताच येत नाही.

तिसरे काम नुसते बघण्याचे. स्कॅनडिस्कला “चेकओन्ली” अशी सूचना देता येते, म्हणजे तो चुका सांगतो पण काहीही बदलत नाही. चेकडिस्कही “एफ” ही खूण न जोडता चालवला तर फक्त अहवाल देतो. हा अहवाल कागदावर उतरवून घ्यावा. वैद्यही आधी नाडी बघतो, मगच मात्रा देतो.

चौथे काम खोलीच्या दुरुस्तीचे. आधी यजमान डिस्क, मग दाबलेली डिस्क, हा क्रम कधीही उलटा करू नये. खोलीच्या भिंतीला भेग असताना पेटाऱ्यातली पाने जुळवत बसलात, तर जुळवलेली पानेही पुन्हा ओली होणार. स्कॅनडिस्कलाही हे ठाऊक आहे. दाबलेल्या “सी”वर तो चालवला की तो स्वतःच विचारतो, यजमान डिस्क आधी तपासू का? तेथे “हो” म्हणावे. पेटारा अजिबात उघडत नसेल, तर स्कॅनडिस्कला डिस्कच्या अक्षराऐवजी त्या गुप्त फाइलचेच पूर्ण नाव द्यावे, म्हणजे तो न उघडलेला पेटाराही तपासतो.

पाचवे काम पेटाऱ्याचे. येथे स्कॅनडिस्क पेटाऱ्याचा मथळा, त्यातली साखळी, अनुक्रमणिका आणि आतला नकाशा एकेक करून पाहतो. चूक सापडली की थांबून विचारतो. प्रत्येक वेळी “अधिक माहिती” वाचूनच पुढे जावे. तो एक कोरी फ्लॉपीही मागतो. केलेले बदल मागे घेता यावेत म्हणून जुनी स्थिती तीवर लिहून ठेवतो. फ्लॉपी जरूर द्यावी. पण हा उलटा मार्ग तोपर्यंतच चालतो, जोपर्यंत दुरुस्तीनंतर डिस्कवर दुसरे काही लिहिलेले नाही.

बेवारस पाने सापडली की ती टाकू का, फाइल करून ठेवू का असे विचारले जाते. नेहमी ठेवावीत. ती “फाइल००००.सीएचके” अशा नावांनी मुख्य यादीत येतात. यजमान डिस्कच्या मुख्य यादीत साधारणतः ५१२ नावेच मावतात, म्हणून यादी भरली तर आधीच्या फाइली दुसरीकडे उचलून पुन्हा चालवावे. सगळे आपोआप दुरुस्त करण्याची जी सूचना आहे, तिला “नोसेव्ह” हे शेपूट जोडले तर बेवारस पाने पुसली जातात. त्या शेपटाच्या वाटेला जाऊ नये.

सहावी गोष्ट पथ्याची. हे सगळे होईपर्यंत “डिफ्रॅग” म्हणजे पाने सलग लावण्याचा प्रोग्रॅम चालवायचा नाही. गुंतलेली पाने सलग लावायला गेले की गुंता कायमचा होतो. विंडोज ३.१ चालू असताना त्याच्या आतून तपासणी-दुरुस्ती करायची नाही. आणि डिस्क नव्याने दाबायची किंवा उलगडायची नाही.

बेवारस पानांतून सभासद शोधणे

सीएचके फाइल पाहून पुष्कळ जण निराश होतात, कारण तिला नाव नसते आणि आत काय आहे ते कळत नाही. पण त्या काळी बहुतेक कचेऱ्यांत डीबेस किंवा फॉक्सप्रोमध्ये काम चाले आणि त्या फाइलींचा एक मोठा गुण आहे. त्यांतील प्रत्येक ओळ ठरलेल्या लांबीची असते. सभासद क्रमांक पहिल्या अमुक घरांत, नाव पुढच्या अमुक घरांत, वजन त्याच्या पुढे. म्हणून फाइलचा मथळा गेला तरी एकाच ओळीची लांबी आणि घरांची वाटणी कळली की बाकीच्या ओळी सरीवर सरी लावाव्यात तशा लागत जातात. एवढेच नव्हे, तर या फाइलींत रद्द केलेली ओळ लगेच पुसली जात नाही, तिच्यापुढे फक्त तारकेची खूण येते.

दुसरी अडचण मराठी नावांची. डॉसच्या काळात देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवत. अक्षरे “इस्की” या भारतीय प्रमाणाप्रमाणे साठवली जात आणि १९९१ साली ते प्रमाण भारतीय मानक म्हणून निश्चित झाले. आजचे संगणक युनिकोडवर चालतात, म्हणून त्या नोंदी उघडल्या की नुसता चिखल दिसतो. तो बिघाड नव्हे. इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर केले की नावे वाचता येतात. चिखल दिसला म्हणून फाइल खराब समजून टाकून देणे म्हणजे चिखलाचा ऊस म्हणून अख्खी ट्रॉली परत पाठवण्यासारखे आहे.

दुरुस्त झाले म्हणजे खरे झाले काय?

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. स्कॅनडिस्क शेवटी सांगतो की डिस्कवर आता एकही चूक नाही. ऐकून बरे वाटते. पण त्याने काय तपासले? पानांची साखळी जुळते का, नकाशा जुळतो का, एवढेच. अमुक सभासदाचा ऊस ४२ टन होता की २४, हे त्याला कळत नाही आणि त्याचे ते कामही नव्हे. गुंतलेल्या दोन खात्यांच्या त्याने वेगवेगळ्या प्रती केल्या, म्हणून गुंता सुटला असे दिसते. प्रत्यक्षात एका खात्यात दुसऱ्याचे पान शिल्लक असू शकते. डिस्क निरोगी आणि नोंद खोटी, असे सहज घडते.

म्हणून दुरुस्तीनंतर ताळा घेतलाच पाहिजे. त्या हंगामाच्या छापील वार्षिक अहवालात एकूण गाळप दिलेले असते. सापडलेल्या ओळींतील वजनांची बेरीज त्या आकड्याशी लावून बघावी. गटवार बेरीज कागदी गोषवाऱ्याशी, कपातीची बेरीज लेखापरीक्षणाच्या ताळेबंदातील ठेवीच्या आकड्याशी लावावी. बेरीज कमी भरली तर किती टन कमी, त्यावरून किती ओळी हरवल्या याचा अंदाज येतो. जास्त भरली तर काही ओळी दुबार आल्या. आणि ज्या ओळी जुळल्या नाहीत त्यांच्यापुढे “कागदावरून खात्री बाकी” असा शेरा मारावा. अंदाजाने कोणाचेही वजन भरू नये, कमी नाही आणि जास्तही नाही.

वीज, यंत्र, प्रोग्रॅम सगळे बदलले, पण ताळ्याची गरज बदललेली नाही. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावांत संगणकाच्या जाळ्याने ऊस उत्पादकांना त्यांच्या नोंदी गावातच दाखवण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचे कौतुक सर्वदूर झाले. त्यातला खरा लाभ हाच की शेतकऱ्याला आपली नोंद आपल्या डोळ्यांनी वेळीच बघता येते. ज्याची नोंद, त्याने ती पाहिलेली असली की चूक फार काळ लपत नाही.

सभासदांनी काय करावे?

भांडारातील ते दोन संगणक लिलावात जाण्यापूर्वी त्यांच्या डिस्क काढून घ्याव्यात आणि वर सांगितल्याप्रमाणे नक्कल करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोखंडाचे चार पैसे येतील, पण दप्तर पुन्हा येणार नाही.

आपल्या गावच्या विकास सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत असा जुना संगणक कोपऱ्यात पडला असेल, तर तेथील सचिवांना हा लेख दाखवा. कोणी हौशी मुलगा “लगेच चालू करून देतो” म्हणाला, तर त्याला आधी नक्कल काढायला सांगा. नक्कल निघाल्यावर त्याला हवे तितके प्रयोग करू द्या.

आणि घरातल्या पेटीत, देव्हाऱ्याच्या फळीवर, वह्यांच्या घड्यांत १९९० ते २००० च्या दरम्यानच्या वजन पावत्या, ऊस बिले, ठेव पावत्या असतील तर त्या जपून ठेवा. फाटक्या असल्या तरी चालतील. डिस्कवरून निघालेल्या ओळी खऱ्या की खोट्या, हे शेवटी त्याच कागदांवरून ठरणार आहे. आपल्या गटकार्यालयात पावत्यांची झेरॉक्स द्या आणि मूळ पावती स्वतःजवळच ठेवा. ती कोणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा नाही.